शाळेचे दार आणि शाळेचे अंगण
(वाचनपाठ : याकोब २:१-९, प्रेषितांची कृत्ये ६:१-६)

कोल्हापूर शहरातून उत्तरेस पंचगंगेच्या अंगाने निघाले म्हणजे कसबा बावडा लागतो. एके काळी हे निराळे खेडे होते; आता ते शहरात सामावले आहे. येथील लक्ष्मी-विलास वाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे यांच्या घरी एक पुत्र जन्मास आला. तोच पुढे दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांतून फेऱ्या निघतात, लेझीम खेळले जाते, मुले पाठ केलेली भाषणे म्हणून दाखवितात, आणि पाहुणे समतेवर चार शब्द बोलतात.

हे सर्व चांगलेच आहे. परंतु अशा फेरीकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न येतो, व तो वाचकांनीही आपल्या मनास विचारावा. लेझीम कोणत्या मुलांच्या हाती आहे? भाषणास कोण उभे राहिले आहे? आणि समारंभ संपल्यावर झाडू कोणाच्या हाती दिला जातो? समतेचा दिवस साजरा करणाऱ्या शाळेतही समता कोठपर्यंत पोहोचली आहे, हे या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून कळते. आजचा पाठ याच विषयावर आहे.

शास्त्रातील दृष्टांत

याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एका सभेचे चित्र काढतो. सभेत दोन माणसे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आहे, अंगावर झगझगीत वस्त्र आहे. दुसरा गरीब असून त्याची वस्त्रे मळकी आहेत. पहिल्यास मानाची जागा मिळते. दुसऱ्यास उभे राहावयास सांगतात, किंवा कोणाच्या तरी पायांपाशी बसवितात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या सभेने गरिबास बाहेर घालविले नव्हते. दार त्याजकरिता उघडेच होते व तो आतही आला होता. पुढील वर्षी कोणी त्या सभेची वही तपासली असती तर दोघांची नावे तीत आढळली असती, आणि येथे भेदभाव नाही असा दाखला तपासणाराने खुशाल लिहून दिला असता. तथापि याकोब त्या सभेस दोषी ठरवितो. कारण पाप दाराशी घडले नव्हते. ते दाराच्या आत, आसनाच्या ठिकाणी घडले होते. मुखवट पाहून वागणे हे राजमान्य नियमाचे उल्लंघन होय, असे तो स्पष्ट म्हणतो.

प्रियजनहो, आपल्या देशातील शाळांचा इतिहास म्हणजे दारापासून आसनापर्यंतचा हाच प्रवास होय, आणि तो अद्याप संपलेला नाही.

दारापासून आसनापर्यंत

सन १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. त्यास घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील या भयाने मुंबई सरकारने त्याचा अर्ज नाकारला. प्रकरण विलायतेपर्यंत गेले, आणि १८५८ साली असे जाहीर करण्यात आले की, केवळ सरकारच्या खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजाजनांस खुल्या राहतील. याप्रमाणे निदान कागदावर तरी दार उघडले.

पण आत गेलेल्या मुलाचे काय झाले? हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव पटावर होते. परंतु बसावयास गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे व तो निराळ्या कोपऱ्यात टाकावा लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे; शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. पुढे मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांस फारसी घ्यावी लागली. दार उघडे होते, परंतु घागर, बैठक व संस्कृताचे पुस्तक ही बंद होती.

खेळाच्या मैदानाची गोष्टही अशीच आहे. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर पालवणकर बाळू नावाचा एक चांभार तरुण मैदानाची निगा राखण्याचे काम करी व साहेब लोकांच्या सरावासाठी चेंडू टाकी. त्याची गोलंदाजी अशी विलक्षण होती की, हिंदू संघास तो हवासा झाला. मैदानावर सवर्ण गडी त्याच्या हातचा चेंडू झेलीत. चामड्याच्या त्या चेंडूचा विटाळ कोणासही होत नसे. पण चहाची वेळ झाली की, इतरांस आत बसून पेल्यातून चहा मिळे आणि बाळूस बाहेर मातीच्या भांड्यातून. १९११ साली विलायतेस गेलेल्या हिंदी संघाकडून त्याने शंभरांहून अधिक बळी घेतले. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा नायक झाला. गुणाने शेवटी जागा मिळविली हे खरे. पण एका भावाच्या हातच्या मातीच्या भांड्यापासून दुसऱ्या भावाच्या नायकपदापर्यंत किती वर्षे गेली, याचा हिशेब कोणी करावा? आणि बाळूएवढा गुण ज्याच्या अंगी नाही त्या साध्या मुलाने काय करावे? खेळण्याचा हक्क केवळ असामान्यांकरिता नाही, सामान्य मुलाकरिताही आहे.

कोल्हापूरचा हुकूम

कोल्हापुरात शाहू महाराजांनी आरंभी निरनिराळ्या समाजांच्या मुलांकरिता वसतिगृहे काढविली. अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली निघाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. परंतु अनुभवाने महाराजांस दिसून आले की, मुलास शाळेत आणणे ही अर्धीच गोष्ट आहे. म्हणून १९१९ च्या आरंभी त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांस व शिक्षणखात्यास कडक हुकूम काढले. शाळांतून अस्पृश्यांच्या मुलांस इतरांप्रमाणे, किंबहुना अधिक ममतेने वागवावे; कारण इतर मुलांस पुढे जाण्याचा मार्ग कोठेतरी सापडतो, यांस तो सापडणे कठीण. ज्या शिक्षकास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. त्यास पेन्शन मिळणार नाही. संस्थानचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांसही हाच नियम लागू झाला. त्याच वर्षी दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळांत बसविण्याचा हुकूम झाला.

या हुकुमातील मर्म काय? महाराजांनी शिक्षकाच्या वर्तनास हात घातला. पटावरील नावांच्या मोजणीने त्यांचे समाधान झाले नाही. शिवाय केवळ हुकूम काढून ते थांबले नाहीत. गंगाराम कांबळे यांस पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांस चहाचे दुकान काढून दिले, आणि स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. पुण्यास ज्या चहाने भेद शिकविला, त्याच चहाने कोल्हापुरात अभेद शिकविला. कायद्याच्या पाठीशी वडील माणसांचा कित्ता उभा राहिला म्हणजे कायद्यास पाय फुटतात.

आजचा कायदा काय सांगतो

आता आपल्या मंडळीतील आईबापांस उपयोगी पडेल अशी माहिती देतो. भारतीय राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली असून तिचे कोणत्याही रूपातील आचरण मना केले आहे. १५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्यसत्तेस मनाई केली आहे. २९ वे कलम सरकारी व अनुदानित शाळांतील प्रवेशाविषयी आहे. धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणाने कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही. हे झाले दाराविषयी.

दाराच्या आतील वागणुकीविषयी १९५५ चा कायदा पाहावा. १९७६ पासून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव आहे. त्याच्या पाचव्या कलमाचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो की, अस्पृश्यतेच्या कारणावरून शाळेत, वसतिगृहात किंवा दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा गुन्हा होय. दुसरा भाग म्हणतो की, प्रवेश दिल्यानंतर त्या व्यक्तीशी भेदभाव होईल असे कोणतेही कृत्य करणे हाही तितकाच गुन्हा होय. शिक्षा दोहोंस एकच : एक ते सहा महिने कैद व शंभर ते पाचशे रुपये दंड. याकोबाने सभेविषयी जे म्हटले तेच येथे कायद्याने शाळेविषयी म्हटले आहे. कबड्डीचा गट, स्नेहसंमेलनातील नाटक, स्वागतगीत, सहल, बालवीरांचे पथक ही सर्व शाळेच्या अंगणातील कामे होत, आणि कायद्याची नजर या अंगणापर्यंत पोहोचते. त्याच कायद्याच्या ७-अ या कलमाप्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही झाडलोट किंवा मैला काढण्याचे काम करावयास भाग पाडणे हा वेगळा गुन्हा आहे, व त्याची कैद तीन महिन्यांहून कमी नाही.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांकरिता २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आहे. दुर्बल व वंचित गटांतील मुलांशी भेदभाव होऊ नये हे पाहण्याचे कर्तव्य त्याने सरकारवर व स्थानिक संस्थेवर टाकले आहे. मुलाचा सर्वांगीण विकास हा शिक्षणक्रमाचा हेतू त्यात सांगितला असून मैदान व खेळाचे साहित्य शाळेस आवश्यक ठरविले आहे. यास्तव खेळ व गायन ही शिक्षकाने खुशीने वाटावयाची बक्षिसी नव्हे. तो शिक्षणाचाच भाग होय. मुलास मारणे किंवा मानसिक छळणे हेही त्या कायद्याने मना आहे.

येथे आमच्या लोकांचा एक नित्याचा प्रश्न असतो : आम्ही ख्रिस्ती आहो, तेव्हा हे कायदे आम्हांस लागू पडतात काय? उत्तर सरळ देतो. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९ चा कायदा त्या जाती-जमातींच्या माणसांकरिता आहे. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख व बौद्ध यांवाचून इतर धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा गणला जात नाही. म्हणून त्या कायद्याचा आश्रय जातीने पूर्वी महार अथवा मांग असलेल्या ख्रिस्ती कुटुंबास सहसा मिळत नाही. परंतु १९५५ चा कायदा अस्पृश्यतेच्या आचरणावर बोट ठेवतो. ज्याचा अवमान झाला तो कोणत्या धर्माचा, हे त्याच्या पाचव्या कलमात विचारलेले नाही. फरक इतकाच की, पीडित मनुष्य अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्याच कारणावरून झाले असे न्यायालय आरंभी गृहीत धरते, आणि इतरांस ते पुराव्याने दाखवावे लागते. म्हणून आमच्या लोकांनी घडलेली गोष्ट तारखेसह लिहून ठेवण्याची सवय विशेष लावून घ्यावी.

दूरदेशचे एक उदाहरण

हा प्रश्न केवळ आपल्याच देशात उत्पन्न झाला असे नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या काळ्या वर्णाच्या गृहस्थांस प्रवेश दिला. पण त्यांस वर्गालगतच्या निराळ्या खोलीत बसविले, ग्रंथालयात त्यांचे मेज वेगळे ठेविले, आणि भोजनगृहात इतर नसतील अशा वेळी जेवावयास सांगितले. विद्यापीठाचे म्हणणे असे की, तेच शिक्षक, तीच पुस्तके, मग तक्रार कसली? ५ जून १९५० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, ही वागणूक समान नव्हे. इतर विद्यार्थ्यांशी मिसळणे, चर्चा करणे, एकमेकांपासून शिकणे हाही विद्येचाच भाग असून त्यास आडकाठी करणे म्हणजे विद्येसच आडकाठी करणे होय. पुढे १९६४ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेस वंशभेद न करण्याचे बंधन घातले. संस्थानचे साहाय्य घेणाऱ्या संस्थांस शाहू महाराजांनी असाच नियम १९१९ साली लावला होता, हे कोल्हापूरच्या लोकांनी अभिमानाने व नम्रतेने स्मरावे.

भेद कशास म्हणावे व कशास म्हणू नये

तथापि आम्ही आईबापांस सावध करू इच्छितो. मुलाची निवड झाली नाही एवढ्यावरून भेद झाला असे म्हणू नये. जलद धावणाऱ्यास शर्यतीस पाठविणे व ज्याचा आवाज गोड त्यास गावयास उभे करणे हा न्यायच आहे. शिक्षकावर खोटा आळ घालणे हेही पाप होय. मग ओळखावे कसे? आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्या. पहिली : मुलास आपला गुण दाखविण्याची संधी दिली होती काय, की त्याचे नाव आधीच गाळले होते? दुसरी : निवडीचा नियम सर्वांस सारखा सांगितला होता काय? तिसरी : वर्षानुवर्षे एकाच वस्तीची मुले मंचावर व एकाच वस्तीची मुले खराट्यापाशी दिसतात काय? एका वर्षी जे घडते तो योग असू शकेल. दरवर्षी जे घडते ती रीत असते.

सहलीची वर्गणी, संमेलनाचा पोशाख, बूट यांचाही विचार व्हावा. मजुराच्या मुलीस नाचात घेण्यास कोणी ना म्हणत नाही. परंतु पाचशे रुपयांचा पोशाख उद्या घेऊन ये असे सांगितले की, ती आपण होऊन मागे सरते. हा जातिभेदाचा गुन्हा नसेल. पण अंगणाचे दार असेही लागते.

तक्रार कशी करावी

आधी शिक्षकास एकांती भेटावे व शांतपणे विचारावे. पुष्कळ वेळा चूक अजाणतेपणी झालेली असते व तेथेच सुधारते. न सुधारल्यास मुख्याध्यापकांस लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. आमच्या किती आयाबहिणी त्या समितीच्या सभेस जातात? मुलाच्या शिक्षणहक्काविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांच्या आत व्हावयाचा असतो, आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे दाद मागता येते. अस्पृश्यतेचा उघड गुन्हा असेल तर पोलिसांत फिर्याद द्यावी. तो गुन्हा दखलपात्र आहे. आणि एक सूचना : मुलास पुढे ढकलून आपण मागे राहू नये. त्यास त्याच शिक्षकासमोर रोज बसावयाचे असते, म्हणून बोलण्याचा भार वडील माणसांनी उचलावा.

आपल्या घरचा आरसा

आता दुसरा पाठ उघडावा. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत कुरकुर उत्पन्न झाली की, ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांस रोजच्या वाटणीत डावलले जाते. त्या विधवांचा बाप्तिस्मा झाला होता, नावे मंडळीत होती. उणेपणा पंक्तीत होता. प्रेषितांनी काय केले? तक्रार करणारांस फुटीर म्हटले नाही. आपल्या मंडळीत असे होणे शक्यच नाही असेही म्हटले नाही. त्यांनी सर्वांस बोलावून सात जण निवडविले. आणि त्या सातांची नावे वाचा, ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांवर अन्याय झाला त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटणी सोपविली गेली.

कोल्हापुरात रेव्ह. रॉयल वाइल्डर १८५२ साली आले व त्यांनी शाळा काढल्या. तेव्हापासून या भागातील ख्रिस्ती मंडळींनी विद्येकरिता पुष्कळ केले आहे. पण गतकाळाच्या पुण्याईवर आज जगता येत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस शिक्षणहक्काच्या कायद्यातून वगळले. यास्तव आमच्या शाळांवर विवेकाचा कायदा अधिक कडक असावयास पाहिजे. आणि १९५५ च्या कायद्यातून तर कोणतीही शाळा सुटलेली नाही. शिवाय शब्बाथशाळेत नाताळच्या नाटकासाठी मरिया कोणाची मुलगी होते व मेंढरू कोणाचा मुलगा होतो? उपासनेत पेटी कोण वाजवितो, दान कोण गोळा करतो, आणि प्रीतिभोजनानंतर भांडी कोण घासतो? पूर्वीची जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली असे आपण म्हणतो; ती पंक्तीत पुन्हा वर येते काय, हे पाहावे. दुसऱ्याच्या शाळेत समान आसन मागणाऱ्याने आपल्या मंडळीत ते आधी दिले पाहिजे. नाहीतर आपली मागणी न्यायाची न राहता केवळ स्वार्थाची होईल.

खेळाच्या मैदानावर चेंडू कोणाचीही जात विचारीत नाही. मुलेही आपण होऊन विचारीत नाहीत. त्यांस विचारावयास आपण शिकवितो. ते शिकविणे आज थांबविले तर उद्याच्या अंगणात सर्वांस जागा होईल.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. याकोबाच्या सभेत गरिबास प्रवेश मिळाला होता. मग दोष कोठे होता?
२. प्रवेश नाकारणे व प्रवेशानंतर भेद करणे यांस १९५५ च्या कायद्याने सारखीच शिक्षा का ठेविली असावी?
३. आपल्या गावच्या शाळेत गेल्या तीन वर्षांत खेळ, गायन व सहल यांत कोणत्या वस्तीची मुले होती? झाडलोट कोणी केली?
४. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या मंडळीचे कोणी आहे काय? नसल्यास का नाही?
५. प्रेषितांनी सात जण निवडविले. आपल्या शब्बाथशाळेत कोणते काम आजवर मागे राहिलेल्यांच्या हाती सोपविता येईल?

प्रार्थनेचा विषय : आपल्या गावातील शिक्षक, आणि अंगणाच्या कडेस उभी राहून इतरांचा खेळ पाहणारी मुले.